गिटारवर पहिलं गाणं कोणतं घ्यावं?

चोपडा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: दिवाळीत गिटार घेतली, व्हिडिओ पाहून जी, सी, डी आणि ई मायनर हे चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे सुरांचे गट) शिकले, पण एकही गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत नाही. ‘दोन कॉर्डची सोपी गाणी’ म्हणून याद्या शोधल्या, तर त्यात सगळी कधी न ऐकलेली इंग्रजी गाणी. हिंदी गाणं घेतलं की मध्येच एफ हा अवघड कॉर्ड येतो. आणि जे थोडंफार जमतं ते गळ्याला झेपत नाही. बोटं आखूड आहेत म्हणून असं होत असेल का? वर्गातल्या मुलांबरोबर म्हणता येईल असं काही सुचवा.

ताई, आधी बोटांचं सांगतो, म्हणजे ती शंका डोक्यातून जाईल. जळगावात माझ्याकडे तिसरी-चौथीतली मुलं शिकायला येतात आणि हेच चार कॉर्ड व्यवस्थित धरतात. तुमची बोटं त्यांच्यापेक्षा लांबच असणार. तपासायची ती गिटार. गिटारच्या दांड्यावर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार आणि फ्रेटची पट्टी यांच्यात किती फट आहे ते स्टीलच्या मोजपट्टीनं बघा. दोन-अडीच मिलिमीटर असेल तर उत्तम. चार मिलिमीटरच्या आसपास असेल, आणि स्वस्त गिटारींत बरेचदा असते, तर दुरुस्ती करणाऱ्याकडून ब्रिजवरची, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा अडकवतात तिथली, पांढरी पट्टी खालून थोडी घासून घ्या. तारांचा संच बदलायची वेळ आली की पातळ संच मागा. पाकिटावर पहिल्या तारेची जाडी लिहिलेली असते, ती ०.०१० असलेला घ्या. एवढं केलं तरी अर्धा त्रास कमी होतो. तोपर्यंत सगळ्या तारा एकेक पूर्ण सूर उतरवून ठेवल्यात तरी चालेल. तारा सैल झाल्या की बोटं कमी दुखतात, आणि एकटीनंच वाजवायचं असेल तर कोणाच्या सुराशी जुळवायचा प्रश्नच येत नाही.

आता मूळ प्रश्न. सोपं गाणं शोधताना सगळे जण कॉर्ड मोजतात. दोन कॉर्डचं म्हणजे सोपं, पाच कॉर्डचं म्हणजे अवघड. शिकवताना मला जे दिसतं ते वेगळं आहे. न ऐकलेलं दोन कॉर्डचं गाणं घेऊन बसलेला विद्यार्थी चार-चार आठवडे अडखळतो, आणि लहानपणापासून तोंडात असलेलं तीन कॉर्डचं गाणं घेतलेला विद्यार्थी त्याच आठवड्यात घरच्यांना ऐकवतो. कारण सरळ आहे. गाणं पाठ असेल तर पुढचा शब्द कधी येणार, कुठे थांबायचं, ओळ कुठे उचलायची हे डोक्याला शोधावं लागत नाही. सगळं लक्ष डाव्या हाताकडे देता येतं. न ऐकलेल्या गाण्यात शब्द, चाल, ठेका आणि बोटं अशी चार नवी कामं एकदम अंगावर येतात. म्हणून माझ्याकडे पहिल्या गाण्याची परीक्षा एकच: गिटार बाजूला ठेवून, टाळ्या वाजवत, न अडखळता ते गाणं पूर्ण म्हणता येतं का? येत असेल तर ते गाणं तुमच्यासाठी सोपं होऊ शकतं. येत नसेल तर त्यात एकच कॉर्ड असला तरी आत्ता घेऊ नका.

यात तुमची बाजू फार बळकट आहे. शाळेत रोज प्रार्थना, बडबडगीतं, समूहगीतं, घरी आरत्या, आणि खानदेशात वाढलेल्या बाईच्या कानात आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, गुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या असतातच. सोप्या गाण्यांची तुमची यादी आधीच तयार आहे. त्यातलं कुठलं आधी घ्यायचं एवढंच बघायचं आहे.

ते ठरवताना मी पहिल्यांदा बघतो की कॉर्ड किती वेगानं बदलतो. एका ओळीत एकदाच बदल असेल तर हाताला वेळ मिळतो. दर दोन मात्रांना बदल असेल तर तेच कॉर्ड असूनही गाणं अवघड. मग बघतो बदल कुठे येतो. सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, येते तिथेच बदल आला तर कान आपोआप हाताला हाक मारतो. शब्दाच्या मधोमध, समेच्या आधी येणारा बदल नवख्याला हमखास चुकवतो. आणि शेवटी, चाल किती वर-खाली जाते. पाच-सहा सुरांत फिरणारी चाल कुठल्याही गळ्याला झेपते. मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत उड्या मारणारी चाल म्हणताना गळा ताणला जातो, आणि गळा ताणला की हात आखडतो. हे मी इतक्या जणांत पाहिलं आहे की कोणी वाजवताना अडखळलं तर आधी मी त्याला गाणं खालच्या पट्टीत म्हणायला लावतो.

गाण्यांकडे वळण्याआधी तुमच्या चार कॉर्डांत एक सोय करून घ्या, कारण तुमचं गाणं तुटतं ते बहुतेक जी आणि सी यांच्या मध्ये. व्हिडिओत दाखवतात त्या पद्धतीनं जीवरून सीवर जाताना सगळी बोटं उचलावी लागतात. त्याऐवजी जी असा धरा (सगळ्यात पातळ तार पहिली, सगळ्यात जाड सहावी): मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. आता अनामिका आणि करंगळी अजिबात हलवू नका. मधलं बोट आणि तर्जनी दोन्ही एकेक तार खाली, म्हणजे पातळ तारांच्या बाजूला सरकवा. झाला सी. हा थोडा वेगळा सी आहे, याला सी अॅड नाइन म्हणतात, पण साध्या सीच्या जागी बिनधास्त चालतो आणि ऐकायला गोडही लागतो. सहावी तार मात्र वाजवू नका. डीवर जाताना अनामिका पुन्हा तिथेच, दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. तर्जनी तिसऱ्या तारेवर आणि मधलं बोट पहिल्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. ई मायनरसाठी अनामिका-करंगळी जागेवर ठेवून बाकीची दोन बोटं पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला टेकवा. चारही कॉर्डांत अनामिका एकदाही उचलावी लागत नाही. त्या बोटाच्या आधारानं बाकीची बोटं न बघता जागा शोधतात. आठवडाभर रोज दहा मिनिटं, कुठलंही गाणं न म्हणता, चार मात्रा जी, चार मात्रा सी, चार मात्रा जी, चार मात्रा डी, एवढंच करा. मिनिटाला साठ ठोके, घड्याळाच्या टिकटिकीइतक्या संथ लयीत.

माझ्या हाताखालच्या जवळजवळ सगळ्यांचं पहिलं गाणं हॅपी बर्थडे असतं. काही जणांना ते पोरकट वाटतं. मला त्याच्याइतकं उपयोगी पहिलं गाणं दुसरं माहीत नाही. चार ओळींचं, जगात कोणालाही पाठ, आणि वर्षभर कुठे ना कुठे वाजवायची संधी देणारं. तुमच्या वर्गात तर दर महिन्याला कोणाचा तरी वाढदिवस असणार. जीमध्ये वाजवलं तर पहिल्या ओळीत ‘बर्थडे टू’ला जी आणि ‘यू’ला डी. दुसरी ओळ डीवरच चालू आणि तिच्या ‘यू’ला परत जी. तिसऱ्या ओळीत जी, आणि मुलाचं नाव आलं की सी. चौथ्या ओळीत जी, ‘टू’ला डी, शेवटच्या ‘यू’ला जी. एकूण सहा बदल. यातली खरी शिकवण ठेक्याची आहे. हे गाणं तीन-तीन मात्रांचं, म्हणजे आपल्या दादरा तालाच्या अंगाचं आहे, आणि ‘हॅपी’ हा शब्द समेच्या आधी येतो. पहिला हात ‘बर्थ’वर पडला पाहिजे. ‘हॅपी’वर हात मारलात तर पूर्ण गाणं एक पाऊल पुढे सरकतं आणि मग काहीच जुळत नाही. ‘हॅपी’ नुसतं म्हणा, ‘बर्थ’वर जाड तार, मग पातळ तारांवर दोन हलके हात: धूम्-छक्-छक्.

त्यात गळ्याचा एक प्रश्न येतो आणि तुमच्या ‘झेपत नाही’ला इथेच उत्तर आहे. हॅपी बर्थडेची चाल बरोबर एका सप्तकाची आहे. जीमध्ये म्हटलं तर ती मंद्र पंचमापासून मधल्या पंचमापर्यंत जाते, आणि तिसऱ्या ओळीत बऱ्याच बायकांना वरचा सूर ताणावा लागतो. लहान मुलांना तो आरामात लागतो. म्हणजे मुलांबरोबर जी ठेवा. एकटीनं म्हणायचं असेल तर डीमध्ये वाजवा: जीच्या जागी डी, डीच्या जागी ए, सीच्या जागी जी. ए हा एकच नवा कॉर्ड, चौथ्या-तिसऱ्या-दुसऱ्या तारेवर एकाच, म्हणजे दुसऱ्या फ्रेटला तीन बोटं ओळीनं. हिंदी गाण्यांत पुरुषाच्या आवाजातलं गाणं बाईनं त्याच पट्टीत घेतलं की एक तर फार खाली जातं नाहीतर फार वर. चार-पाच अर्धस्वर सरकवलं की बसतं. त्यामुळे कॉर्ड कुठूनही उतरवून घेतले तरी पट्टी आपली घ्या, गायकाची नको.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब इथेच देऊन टाकतो, कारण तो गिटारच्या व्हिडिओंत सापडत नाही आणि आपल्याकडे फार लागतो. गावात कोणी पेटीवाला भेटला, भजनी मंडळात बसलात, तर तिथे कोणी जी किंवा सी म्हणणार नाही. ‘काळी चार’ म्हणतील, ‘पांढरी पाच’ म्हणतील. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, पांढरी पाच म्हणजे जी. काळी एक म्हणजे सीच्या वरचा अर्धस्वर, काळी चार म्हणजे जीच्या वरचा. कापो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. गिटारवर पहिल्या फ्रेटला कापो लावलात तर तुमचा जीचा आकार काळी चारमध्ये वाजतो, सीचा आकार काळी एकमध्ये, डीचा काळी दोनमध्ये आणि एचा काळी पाचमध्ये. काळी तीन हवी असेल तर कापो दुसऱ्या फ्रेटला आणि आकार ईचा. एवढं वहीत लिहून ठेवलंत तर कुठल्याही पेटीबरोबर बसता येईल. कापो पहिल्या महिन्यातच घ्या. तो लावला की तारा फ्रेटच्या जवळही येतात, नवख्या बोटांना तेही बरं.

दुसरं गाणं ‘हम होंगे कामयाब’. मूळ इंग्रजी गीताचा हिंदी अनुवाद गिरिजाकुमार माथुरांचा, आणि शाळेत न म्हटलेलं मूल सापडणं कठीण. हे चार मात्रांचं, संथ. नीट वाजवायचं तर ‘होंगे’ला जी, ‘काम’ला सी, ‘याब’ला परत जी, म्हणजे दर दोन मात्रांना बदल; नवख्याला हे जड जातं. म्हणून पहिल्या फेरीत सी विसरून जा. सगळं जीवर म्हणा, पहिल्या ‘एक दिन’ला डी घ्या, ‘मन में है विश्वास’ला पुन्हा जी, आणि शेवटच्या ओळीत ‘एक’ला डी, ‘दिन’ला जी. ऐकायला अपुरं वाटणार नाही. पंधरा दिवसांनी हात मोकळा झाला की सी घाला. त्या एका कॉर्डनं गाणं कसं उजळतं ते मुलांच्याही लक्षात येईल. गाणं असं दोन टप्प्यांत घ्यायला मी नेहमी सांगतो. पूर्ण गाणं कमी कॉर्डांत आधी, मग एकेक कॉर्ड वाढवायचा. अर्धं गाणं सगळ्या कॉर्डांसकट आणि उरलेलं कधीच नाही, या पद्धतीनं महिने निघून जातात.

तिसरं गाणं मात्र यादीतून घेऊ नका, तुमच्या शाळेची प्रार्थना घ्या. ‘खरा तो एकचि धर्म’ म्हणत असाल तर फारच चांगलं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणजे ही प्रार्थना आपल्या शेजारचीच. तिचे कॉर्ड मी मुद्दाम लिहून देत नाही. गावोगावी तिची चाल थोडी थोडी वेगळी म्हणतात, आणि कुठूनतरी उतरवलेले कॉर्ड तुमच्या शाळेच्या चालीला बसले नाहीत तर मुलं गोंधळतील. ते तुम्ही स्वतः शोधायचे. वाटतं तितकं अवघड नाही, सरगम ऐकून माहीत असली की पुरे.

असं बघा: जी हा सा धरला, तर जी कॉर्डमध्ये सा, ग आणि प हे सूर असतात. सीमध्ये म, ध आणि सा. डीमध्ये प, नी आणि रे. सातही शुद्ध सूर या तीन कॉर्डांत येऊन जातात. म्हणून शुद्ध सुरांतली साधी चाल या तिघांवर निभावते. प्रार्थना संथ म्हणा आणि ओळीच्या शेवटी कुठल्या सुरावर विसावता ते ऐका. सा किंवा गवर विसावलात तर जी. रे किंवा नीवर तर डी. म किंवा धवर तर सी. पवर विसावलात तर जी किंवा डी, दोन्ही लावून बघा, एक लगेच बरा वाटेल. मधल्या सुरांकडे लक्षच देऊ नका. कॉर्ड विसाव्याच्या सुराला द्यायचा, येता-जाता लागणाऱ्या प्रत्येक सुराला नाही. नवखे नेमकं इथे फसतात आणि एका ओळीत सहा कॉर्ड कोंबतात. चाल उदास, कोमल गंधाराची असेल तर सा म्हणून ई मायनर धरा. त्याच्याबरोबर ए मायनर, डी आणि जी लागतील. एखादं गाणं असं स्वतः शोधून काढलंत की मग कुठल्याही संकेतस्थळावरचे चुकीचे कॉर्ड तुम्हाला लगेच कळतील. तिथे चुकीचे कॉर्ड पुष्कळ असतात, मराठी गाण्यांचे तर फारच.

यानंतर आपल्या मातीतली गाणी घ्या, आणि इथे मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण गिटार शिकणारी आपल्याकडची मुलं या खजिन्याकडे बघतच नाहीत. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाईची गाणी होतात, आखाजीला झोक्यावरची गौराईची गाणी होतात. ही गाणी मोजक्या सुरांत फिरतात, एकच ओळ थोडा शब्द बदलून परत परत येते, आणि एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं अशी असतात. गिटार शिकणाऱ्याला आणखी काय हवं? तीच चाल दहा वेळा येते, म्हणजे तोच कॉर्डबदल दहा वेळा घोटला जातो, आणि कंटाळा येत नाही कारण शब्द पुढे सरकत असतात. तुमची शाळा सातपुड्याच्या पायथ्याकडे असेल तर वर्गात पावरा आदिवासी मुलंही असतील. त्यांना त्यांच्या घरची गाणी म्हणायला सांगा आणि तुम्ही मागे एकच कॉर्ड धरून बसा. मुलं पाठ गाणार, तुम्ही सूर शोधणार. गिटार शिकायचा याहून चांगला तास मी घेऊ शकत नाही.

ओव्यांचं तर विचारूच नका. बहिणाबाई आपल्या आसोद्याच्या. त्यांच्या बहुतेक ओव्या आठ-आठ अक्षरांच्या चरणांत आहेत, आणि केरवा तालाच्या मात्राही आठच. सुरुवातीला ओवी गाऊ नका, नुसती ठेक्यात बोला, मात्रेला एक अक्षर, आणि प्रत्येक चरणाच्या पहिल्या अक्षराला गिटारवर एक हात. समेची जागा एकदा अंगात भिनली की ती कुठल्याही गाण्यात सापडते. मग जात्यावरच्या चालीत गायला घ्या. जात्यावरच्या ओवीला मुळात कॉर्ड नसतात, जात्याची घरघर हाच तिचा आधार. म्हणून तिच्यावर सी-डी लादू नका. गिटारची चौथी आणि तिसरी तार मोकळ्या सोडल्या तर त्या डी आणि जी वाजतात. जी सा धरलात तर हे झालं प-सा. डाव्या हाताचं काही काम नाही. उजव्या अंगठ्यानं त्या दोन तारा संथ छेडत राहा आणि वर गा. एकतारीवर भजन म्हणतात तसंच. काळी चारमध्ये गात असाल तर पहिल्या फ्रेटला कापो. चालीत शुद्ध गंधार असेल तर दुसरी तारही मोकळी छेडा, तिच्यावर तो गंधारच वाजतो; कोमल गंधार असेल तर तिला हात लावू नका. एकही कॉर्ड न येणारा माणूससुद्धा पहिल्या दिवशी असं गाऊ शकतो. गाणं म्हणता म्हणता हात चालू ठेवायची सवय, जी पुढे सगळ्यात जास्त अडते, ती यातून फार लवकर लागते.

लग्नात वाजणारी अहिराणी गाणी मुलं हमखास मागतील. चाली सोप्या असतात, दोन कॉर्डांत बसतात, पण ती चालतात ढोलाच्या जोरावर आणि धावत्या लयीत. निम्म्या लयीत बसवा, आणि मुलांना बाक वाजवू द्या. ढोलाचं काम गिटारवर घेतलंत तर हात दुखून येईल.

टाळायचं काय तेही सांगतो. हिंदी सिनेमातल्या गाण्यांच्या सुरुवातीचे गिटारचे प्रसिद्ध तुकडे पहिल्या सहा महिन्यांत नकोत. बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात, आठ सेकंदांचा तुकडा वाजवायला शिकतात आणि पुढचं गाणं कधीच येत नाही. तुकडा येणं आणि गाणं येणं यांत फार अंतर आहे. नाट्यगीतं, मींड आणि मुरक्यांची भावगीतं आत्ता नकोत. तिथे चालीचं सौंदर्य सुरांच्या मधल्या जागांत असतं आणि गिटारचे ठोकळ कॉर्ड त्यावर पाय देतात. भैरवीतली गाणीही नकोत. भैरवीत कोमल रिषभ लागतो, त्यामुळे सा ई धरलात तर त्याच्या लगतचा एफ लागतोच. आणि तुमचं सगळ्यात आवडतं गाणं पहिलं घेऊ नका. आवडत्या गाण्याची मूळ ध्वनिमुद्रिका कानात इतकी पक्की असते की आपलं काहीच पसंत पडत नाही. ते पाचवं-सहावं घ्या.

एफ आला की घाबरू नका, त्याला दोन वाटा आहेत. गाणं सी, एफ, जी आणि ए मायनर यांत असेल तर सरळ जी, सी, डी आणि ई मायनर वाजवा, अनुक्रमे एकाच्या जागी एक. मूळ पट्टी हवी असेल तर पाचव्या फ्रेटला कापो लावा. नको असेल तर कापोशिवायच म्हणा. दुसरी वाट: सी साध्या पद्धतीनं धरलेला असताना तर्जनी दुसऱ्या तारेवर तशीच ठेवा, मधलं बोट चौथ्यावरून तिसऱ्या तारेवर आणि अनामिका पाचव्यावरून चौथ्या तारेवर आणा, फ्रेट तेच. सहावी आणि पाचवी तार वाजवू नका, पहिली मोकळी. हा एफ मेजर सेव्हन; तो बहुतेक गाण्यांत एफचं काम करतो. तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायचा पूर्ण एफ वर्षाअखेरीस शिकलात तरी काही बिघडत नाही.

ए मायनर अजून घेतला नसेल तर तो घ्या, कारण तिथून सी फार जवळ आहे: फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची, बाकी दोन बोटं जागेवर. ईचा आकार जसाच्या तसा एक तार खाली सरकवला की ए मायनर. हे तीन कॉर्ड एका गटातले समजा आणि जी-सी अॅड नाइन-डी-ई मायनर दुसऱ्या गटातले. पहिल्या वर्षी गाणं निवडताना ते एकाच गटात राहतं का एवढं बघितलंत तरी पुष्कळ गाळण होते.

उजव्या हाताला सुरुवातीला एकच काम द्या: समेला एक हात, खालच्या दिशेनं. ते न चुकता झालं की प्रत्येक मात्रेला एक. ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ हा सगळीकडे शिकवला जाणारा ठेका गाणं पूर्ण म्हणता येऊ लागल्यावरच घ्या. डावा हात वेळेवर पोचला नाही तरी उजवा थांबवू नका, मोकळ्या तारांवर मारत राहा. एखादा कॉर्ड बेसूर गेला तर मुलं लक्षात ठेवत नाहीत. ठेका थांबला तर मात्र सगळा वर्ग थांबतो.

आणि एक खानदेशापुरतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीकडे जातो. गिटार पत्र्याच्या खोलीत, गच्चीलगतच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. उष्णतेनं डिंक मऊ पडून ब्रिज उचलला जातो आणि तारा पुन्हा उंच होतात. सुट्टीत शाळेच्या कपाटात ठेवून जाऊ नका, घरी न्या, आतल्या खोलीत सावलीच्या भिंतीला. महिनाभर वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करा.

वर्गात पहिल्यांदा वाजवाल तेव्हा आधी जी कॉर्ड एकदा वाजवून मुलांना तो सूर गुणगुणायला लावा, मग गाणं उचला. नाहीतर मुलं आपापल्या सवयीच्या पट्टीत सुरू करतात आणि तुम्ही कापो शोधत बसता. प्रार्थनेचा विसावा कुठल्या सुरावर येतो ते अडलं तर चाल फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवा, सा कुठला ते मी सांगतो. कॉर्ड मात्र तुम्हीच लावायचे.